विस्तवाचं उद्यापन

चैत्र सरत आला की सह्याद्रीच्या या अंगाला आकाश निळं राहत नाही. उतारा-उतारावर राब पेटतात. धूम्रवर्ण, मंदगामी स्तंभ एकामागून एक उठतात, कड्यांच्या कृष्णपाषाण छातीला टेकतात आणि तिथेच विरतात. पांगाऱ्याची आरक्त फुलं त्या धुराआडून मिणमिणतात. वाऱ्याला शेणाचा वास, पाल्याचा वास, भाजल्या मातीचा वास. पाडव्याच्या गुढीचं काय घेऊन बसलात, सावरघोळ गावचं नवं वर्ष धुरातूनच येतं.

ज्यांनी नाचणी फक्त भाकरीत पाहिली त्यांना राब सांगायला हवा. रोपं वाढवायच्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं. त्यावर झाडांच्या तोडलेल्या फांद्या, ज्यांना इथे कवळ म्हणतात. त्यावर पाला, त्यावर गवत, आणि सगळ्यावर मातीची भुरभुर. मग वाऱ्याच्या उलट्या अंगाने विस्तव द्यायचा. आग भडकत नाही, पोटात धुमसत राहते. तण जळतं, किडा मरतो, आणि मिरगाच्या आगेमागे टाकलेलं बी त्या राखेतून काळंभोर उठतं. आजे-पणजे हेच करत आले. न भाजल्या मातीत बी टाकणारा आळशी, नाहीतर येडा, असा इथला शिक्का.

आणि त्या साऱ्या धुराच्या मधोमध, डोंगराच्या एका पायरीवर, एकच जमीन एकोणीस वर्षं विस्तवावाचून राहिली होती.

काय माती होती ती! कृष्णकपिला, आर्द्रगर्भा, सहस्रजीवा. भर वैशाखात मूठभर उचलली तरी बोटांना ओलावा लागायचा, नाकाला रानाचा गंध यायचा. तिच्यात गांडुळं होती, वाळवी होती, नाव नसलेले कीटक होते. तिच्यात डोळ्यांना सहज न दिसणारे बुरशीचे शुभ्र, सूक्ष्म, दूरगामी तंतू होते, मुळाकडून मुळाकडे जाणारे, देणारे आणि घेणारे. वर शांतता असायची, आत अहोरात्र बाजार भरलेला असायचा. तो बाजार एका बाईने जपला होता.

तिचं नाव शैलजा दिघे. सरकारच्या नाचणी केंद्रात नवे वाण तयार करणारी शास्त्रज्ञ. चाळिशीला इथे आली आणि आता एकोणसाठीला टेकली होती. अंगाने काटकुळी, बोलण्याने त्याहून काटकुळी. केंद्राच्याच आवारात दोन खोल्यांत राहायची, एकटी.

बाकीचे शास्त्रज्ञ पोत्यातल्या खतावर पोसलेल्या जमिनीसाठी वाण घडवत होते. भरपूर खाणारे, भरपूर देणारे, आणि पोतं संपलं की मान टाकणारे. शैलजाला दुसरंच रोप हवं होतं. मातीशी बोलणारं, बुरशीच्या तंतूंना मुळं देऊन त्यांच्याकडून अन्न मागून घेणारं, जित्या मातीत जितं राहणारं. डोंगरावरच्या दळिद्री उतारांवर, जिथे खताचं पोतं चढत नाही आणि चढलं तर परवडत नाही, तिथे माणसाच्या ताटात भाकरी टाकणारं रोप. त्यासाठी तिने आपली सगळी उमेद त्या एका पायरीवर पेरली.

रीत तिची साधी होती. आषाढात हजार रोपं उपटायची. ज्याच्या मुळांना मातीची जाड बाही घट्ट धरून असेल ते ठेवायचं, ज्याची मुळं धुतल्यासारखी निघतील ते टाकायचं. ठेवलेल्यांचं बी धरायचं, पुढच्या साली पुन्हा त्याच मातीत टाकायचं. नवा वाफा केला तर जुन्या मातीची एक पाटी त्यात मिसळायची, दुधाला विरजण लावतात तशी. बी आणि माती, माती आणि बी. अठरा पिढ्या दोघं एकमेकांना ओळखत गेली. शेवटी अशी नाचणी उभी राहिली की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं. मात्र परक्या मातीत टाकली की ती खुरटायची. तीन वर्षं दहा जागी टाकून पाहिली, दहाही जागी खुरटली.

कागदावर त्या वाणाला आकडा होता. गजराबाई त्या नाचणीला माहेरवाशीण म्हणायची.

गजराबाई ढेबे, धनगरवाड्यावरची, केंद्रात रोजावर येणारी मजूर. शैलजा आली त्याच साली ती कामाला लागली. रोपं उपटण्याचं काम तिच्याच बोटांचं. शैलजा चष्मा लावून, पट्टी धरून मुळावरची माती मोजायची. गजराबाई नुसतं रोप हातात तोलायची आणि ‘ठेवा’ नाहीतर ‘टाका’ म्हणायची. पट्टी आणि बोटं यांचं कधी फाटलं नाही. एकोणीस वर्षं दोघी एकाच वाफ्याच्या दोन कडांना ओणव्या राहिल्या, आणि एकोणीस वर्षांत दोघींनी एकमेकींना कामाचं एक अक्षर नीट सांगितलं नाही.

शैलजाचे तीन नकार तेवढे ठरलेले होते. विस्तव नको. खत नको. औषध नको. आणखी एक, वाफ्यात पायताण नको. का नको, ते तिने दूरदूरच्या शहरांत, थंड सभागृहांत, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून सांगितलं. परदेशी पाहुण्यांना सांगितलं. खोकल्याचं निमित्त करून उठून जाणाऱ्या अधिकाऱ्यांनाही सांगितलं. जी बाई ती माती रोज हाताळत होती, तिला मात्र सांगितलं नाही. शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं, दिव्याखाली अंधार.

मग गजराबाईने आपल्या परीने अर्थ लावला. अनवाणी चालायचं. विस्तव वर्ज्य. दरसाल त्याच तिथीच्या सुमाराला जुनी माती नव्या मातीत सोडायची. कपाळ मोकळं, जेवण एक वेळ. तिला काही अवघड वाटलं नाही. बाईने व्रत धरलं होतं, उघड होतं. कुणाच्या नावाने धरलं असेल ते देवाला ठाऊक. व्रत विचारू नये, विचारलं तर त्याचं पुण्य जातं, हे तिला आईने शिकवलेलं. म्हणून तिनेही विचारलं नाही. स्वतःच्या पायातली वहाण मात्र त्या पायरीच्या खाली काढून ठेवत गेली. एकीने सांगितलं नाही आणि दुसरीने विचारलं नाही, आणि दोघींना वाटत राहिलं की आपलं चांगलं जमलं आहे.

गेल्या श्रावणात दरड आली. भर दुपारी, गडगडाट न करता, डोंगराची ती पायरी तुटली आणि खाली दरीत गेली. एकोणीस वर्षांची माती चिखल होऊन ओढ्याला मिळाली. कडेचा एक चिंचोळा पट्टा तेवढा लटकून राहिला. शैलजा आणि गजराबाई कमरेला दोर बांधून त्या पट्ट्यावर उतरल्या आणि माती वर काढली. अकरा पाट्या भरल्या. हिरड्याच्या सावलीत एक वाफा करून, चार बोटं जाड थर देऊन, पानांनी झाकून ती ठेवली. बी डब्यात होतंच. त्या बीला ओळखणारी माती जगात आता एवढीच.

आषाढअखेर शैलजा निवृत्त होणार होती. तिच्या जागेवर कुणी येणार नव्हतं, जागाच रद्द झाली होती. म्हणून तिने एक शेवटचा बेत केला. या वाफ्यात रोपं करायची आणि आसपासच्या सात वाड्यांना द्यायची, प्रत्येक वाडीला रोपांच्या जुड्या आणि जित्या मातीची एक पाटी. सात ठिकाणी विरजण लागलं की वाण आपल्या पायांवर जगेल. नाही लागलं, तर तिच्याबरोबर संपेल. वाड्यांना निरोप गेले होते, दिवसही ठरला होता. चैत्राच्या शेवटच्या आठवड्यात ती मोतीबिंदू काढायला शहरात गेली, नऊ दिवसांसाठी. जाताना म्हणाली, “गजराबाई, वाफ्याकडे लक्ष ठेवा.”

गजराबाईने ठेवलं. रोज ती हिरड्याखाली बसायची आणि तिच्या जिवाला घोर लागायचा. बाईचं हे शेवटचं साल. एवढं कडक व्रत, आणि उद्यापनाचं नाव नाही. उद्यापनाविना व्रत फळत नाही, हे लहान पोरालाही कळतं. ज्याने मीठ सोडलं त्याने शेवटी मीठ दान करून, मीठ खाऊन उठायचं असतं. ज्याने विस्तव सोडला, त्याने विस्तव द्यायला नको? बाईच्या घरी कुणी आठवण करून देणारं नाही. विसरली असेल. देव विसरत नाही. गेल्या साली पायरी तुटली ती उगाच का तुटली?

तिने ठरवलं तेव्हा तिला फार हलकं वाटलं.

स्वतःच्या राबासाठी तिने महिनाभर खपून कवळ तोडून ठेवली होती. ऐनाची, किंजळीची, चांगली वाळलेली. ती सगळी डोक्यावरून हिरड्याखाली आणली. बकऱ्यांच्या लेंड्या आणल्या, शेण आणलं. सून म्हणाली, “आत्याबाई, मंग आपल्या राबाला काय?”

“आपला पुढल्या साली,” गजराबाई म्हणाली. “तिचं पुढलं साल न्हाई.”

सकाळच्या निवांत वाऱ्यात तिने पाच सुवासिनींना हळदीकुंकू लावलं, वाफ्याला हळद वाहिली, आणि घरच्या चुलीतला निखारा पानावर धरून आणला. अंगावर नवं लुगडं होतं. विस्तव लागला. आधी एक करडी रेघ, मग दोन, मग सारा वाफा धुमसू लागला. पानं आक्रसली. फांद्या तडतडल्या. नीलधूसर, घनगंभीर धूर हिरड्यातून वर चढला आणि उतारावरच्या इतर धुरांत जाऊन मिसळला. एकोणीस वर्षं वेगळा राहिलेला तुकडा गावासारखा झाला. दिवसभर आग थराच्या आत शिरत राहिली. एक बोट, दोन बोटं, तीन, चार. आत जे भाजलं त्याला आवाज नव्हता. गजराबाई हात जोडून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून धुराचं पाणी वाहत होतं, आणि थोडं आनंदाचंही.

शैलजा परतली ती काळा चष्मा लावून. हिरड्याखाली तिला काळं दिसलं. चष्म्याचं असेल, असं वाटून तिने तो काढला. काळं तसंच राहिलं. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलं होतं. ती वाकली आणि तिने हात मातीत घातला. माती कोरडी होती, भुसभुशीत होती आणि कसलाच वास तिला नव्हता.

“उद्यापन केलं, बाई,” मागून गजराबाई म्हणाली. तिच्या हातात वाटी होती. “तुमच्या ध्येनात न्हाई ऱ्हायलं, म्हून म्या केलं. कायबी कमी पडू न्हाई दिलं. आता फळंल.”

वाटीत नाचणीची खीर होती. शैलजाने वाटी घेतली.  ती खीर तिने उभ्याने खाल्ली, सगळी, आणि वाटी परत दिली.

इथे ती बोलायला हवी होती. रागावली असती तरी चाललं असतं. पण नाही बोलली. समोर नवं लुगडं नेसून, पापणीला राख चिकटलेली एक बाई आपलं पुण्य तिच्या ओंजळीत घालत उभी होती. व्रत, उद्यापन हे शब्द ऐकले आणि एका क्षणात शैलजाला एकोणीस वर्षांचा हिशोब लागला. तिला गजराबाईचा राग आला नाही. तिला लाज वाटली, आणि लाजेला वाचा नसते.

ज्येष्ठात बी टाकलं. टाकायचं म्हणून टाकलं. तळाशी एखादा तंतू वाचला असेल, एवढ्या वेड्या आशेवर टाकलं.

आणि रोपं आली. काय आली म्हणता. श्यामल, सतेज, घनदाट. राखेवरची रोपं येतात तशीच, बोटभर वर आणि काळीभोर. गाव बघायला लोटलं. म्हातारे माना डोलवत म्हणाले की बाईला अक्कल आली, पण जाता जाता आली. गजराबाईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. प्रत्येकाला ती वाफ्याच्या कडेपर्यंत न्यायची आणि स्वतः मागे उभी राहायची. शैलजा खिडकीतून ती हिरवाई बघायची आणि जेवणाचं ताट सरकवून द्यायची. राखेचं खाणं या वाणाला किती दिवस पुरतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं.

तिसरा आठवडा उलटला. टोकं पिवळी झाली, मग पानं, मग मधली शीर. आषाढाच्या भुरभुरीत, धुकं पायापर्यंत उतरलेलं असताना, गजराबाई रोपं काढायला बसली. वाड्यांची माणसं दुपारी यायची होती. तिने पहिलं रोप उपटलं आणि हातात तोललं. दुसरं उपटलं. तिसरं. तिचे हात एकदम मंदावले.

“बाई, हिकडं या.”

शैलजा आली. गजराबाईने रोप पुढे धरलं. मुळं पांढरीशुभ्र निघाली होती, धुऊन काढल्यासारखी. मातीचा एक कण त्यांना धरून नव्हता.

“ही आपल्यातली न्हाई वाटत. बी तर त्येच ना?”

“बी तेच आहे.”

गजराबाईने खाली पाहिलं. वाफ्यातली मूठभर माती उचलली, बोटांत चुरली, नाकाशी नेली. बराच वेळ तिथेच धरली. तिच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला.

“इस्तवानं झालं?”

“हो.”

मग शैलजा बोलली. ओल्या कडेवर बसून बोलली. मातीत काय जगत होतं, कुणी कुणाला काय देत होतं, विस्तव का नको होता, पायताण का नको होतं, दरसाल रोपं उपटून त्या दोघी नेमकं काय शोधत होत्या. सभागृहांत सांगितलेलं सगळं तिने पहिल्यांदाच त्या मातीजवळ बसून सांगितलं. चित्रं लागली नाहीत. घटकाभरात सांगून झालं. एकोणीस वर्षांत न सांगितलेली गोष्ट अवघी घटकाभराची होती.

गजराबाईला सगळं कळलं. मध्ये एकदाही तिने ‘म्हंजे काय’ म्हणून विचारलं नाही.

“मंग ह्ये आदी का न्हाई सांगितलं?”

शैलजाने खोटं बोलायचा प्रयत्न केला, पण जमला नाही. “वाटलं, तुम्हाला कळणार नाही.”

धुकं दोघींच्या मधून गेलं. हिरड्यावरून पाणी टपकत होतं, पिवळ्या पानांवर, काळ्या मातीवर, गजराबाईच्या बोटांवर. गजराबाई रडली नाही. रडली असती तर शैलजाला सोपं गेलं असतं. तिने हातातलं रोप कडेला ठेवलं, लुगड्याला हात पुसले आणि उठली.

“वाड्यांवरची मानसं येतील आता,” ती म्हणाली. “त्यांना म्या सांगते. तुमी नका सांगू. तुमाला सांगाया जमत न्हाई.”

माणसं आली. सात वाड्यांची सात माणसं, प्रत्येकाकडे एक रिकामी टोपली. काही दोन डोंगर चढून-उतरून आली होती. गजराबाईने त्यांना वाफ्याभोवती बसवलं, एकेकाच्या तळहातावर चिमूटभर माती ठेवली आणि आपल्या भाषेत सांगितलं. तिने बाजार सांगितला, तंतू सांगितले, देणं-घेणं सांगितलं, लेकराला अंगावर पाजावं तसं माती मुळाला कसं पाजते ते सांगितलं. माणसं माना खाली घालून ऐकत होती. त्यांना नीट कळत होतं. शेवटी ती म्हणाली, “ही जिती हुती. म्या भाजली. तुमास्नी द्याया कायबी न्हाई.”

बाईचं नाव तिने घेतलं नाही, दोष द्यायलाही नाही. शैलजा हिरड्याच्या बुंध्याशी उभी राहून सगळं ऐकत होती. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

माणसांनी तळहातावरची माती जपून परत वाफ्यात सोडली.  पाऊस धरला होता, म्हणून उठताना त्यांनी टोपल्या डोक्यावर पालथ्या घेतल्या. मग पायवाटेने ती एकामागून एक चढू लागली. धुकं दाट झालं. आधी माणसं मिटली, मग नुसत्या टोपल्या उरल्या, सात पालथ्या टोपल्या, वर वर जाणाऱ्या. सहा. चार. एक. मग पाऊस.